हंसाची माफी

हेर्श फ्रुख्टर येत्या ऑगस्टमध्ये शंभर वर्षांचा होणार, ही बातमी मंगळवारच्या टेबलावर सगळ्यात शेवटी कळली ती हेर्श फ्रुख्टरला.

मंगळवारचं टेबल म्हणजे दक्षिण अमेरिकेत, मोंतेविदेओ शहरातल्या ज्यू समाजाच्या इमारतीत, तळमजल्यावर होणारं दुपारचं जेवण. युद्धातून जिवंत सुटून इकडे आलेली जी काही मंडळी अजून शिल्लक होती, ती तिथे जमायची, सूप प्यायची, एकमेकांच्या डॉक्टरांना नावं ठेवायची आणि अंधार पडायच्या आत घरी जायची. एके काळी तीन टेबलं लागत. मग दोन लागायला लागली. आता एकच लागायचं, पण ते मात्र सगळ्यात मोठं मांडायचे, कारण लहान टेबल मांडलं की माणसं किती उरली ते दिसतं.

ह्या सगळ्याची देखभाल मिर्ता लाब्कोव्स्कीकडे होती. मिर्ता मनानं इतकी चांगली होती, की तिच्यापासून जरा जपूनच राहावं लागे. दोन वर्षांपूर्वी ती ब्युनोस आयर्सला जाऊन कसलंसं प्रशिक्षण घेऊन आली. छावण्यांमधून आलेल्या वृद्धांना रांगेत उभं करू नये, त्यांच्या मनाला त्रास होतो, असं तिथे शिकवलं होतं. तेव्हापासून टेबलाशी रांग बंद. परिणाम असा झाला, की सूप वाढायला लागले की सगळे म्हातारे एकदम पातेल्यावर तुटून पडत. ज्यांना एवढं मोठं युद्ध मारू शकलं नाही, ते आता कोबीच्या सुपापायी एकमेकांची कोपरं खात होते.

पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यांनाही बंदी झाली, कारण छावणीत कैद्यांचे कपडे तसे असत. त्या नियमाखाली पहिला सापडला इमारतीचा रखवालदार. तो पेन्यारोल ह्या फुटबॉल क्लबची जर्सी घालून आला होता, काळ्यापिवळ्या पट्ट्यांची, आणि मिर्तानं त्याला घरी जाऊन बदलून यायला लावलं. हेर्शनं ह्या नियमाला मनापासून पाठिंबा दिला. तो पहिल्यापासून विरुद्ध क्लबचा, नासिओनालवाला होता.

तर त्या मंगळवारी मिर्ता हेर्शच्या मागे येऊन उभी राहिली.

"सेन्योर हेर्श, डोळे मिटा बघू."

"कशाला?"

"मिटा तर!"

"माझ्या वयात डोळे मिटले की लोक फोनाफोनी सुरू करतात, बाई."

शेवटी त्यानं एक मिटला. मिर्तानं आणि रखवालदारानं दोन बाजूंनी धरून एक लांबलचक कापडी फलक उलगडला. त्यावर निळ्या अक्षरांत 'आमचा हेर्श' आणि त्याच्यापुढे पातेल्याच्या झाकणांएवढी दोन शून्यं असलेला आकडा.

"आपल्या टेबलाचे पहिले शंभर!" मिर्ता म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. ते सूप गार झालं तरी भरून यायचे, त्यामुळे त्याचं कुणाला काही वाटलं नाही. "टीव्हीवाले येणार आहेत. केक येणार आहे. तुम्ही फक्त दीर्घायुष्याचं रहस्य काय ते दोन मिनिटं सांगायचं."

"एकशे वीस!" टेबलावरचे सगळे एका सुरात ओरडले. वाढदिवसाला हेच म्हणायचं असतं. आपल्यात एकशे वीस वर्षं हे पूर्ण आयुष्य. कुणी वीस वर्षांचा झाला तरी म्हणायचं, कुणी नव्वदचा झाला तरी म्हणायचं.

शेजारी बसलेल्या पेपीनं ब्रेडचा तुकडा सुपात बुडवला. पेपी मूळची व्हिएन्नाची. केसांना अजून रंग लावायची आणि जिभेला अजून धार. "म्हणजे वीसच उरली की रे," ती म्हणाली. "जपून खर्च कर."

हेर्शनं चमचा खाली ठेवला.

वीस नव्हे, तेवीस. तीन वर्षं कमी भरत होती. कारण हेर्श फ्रुख्टर शंभरचा होणार नव्हताच. तो सत्त्याण्णवचा होता. हे पूर्वी त्याच्या बायकोला, रेगीनाला माहीत होतं. रेगीना गेल्यापासून ही गोष्ट माहीत असलेला जगात एकच माणूस उरला होता, आणि तो आत्ता स्वतःच्या नावाच्या फलकाखाली बसला होता.

*

हेर्श एकटाच राहायचा, तिसऱ्या मजल्यावर. एकटा म्हणजे अगदी एकटा नव्हे. बाल्कनीत तेलाच्या जुन्या पिंपात एक अक्रोडाचं झाड होतं. घर घेतलं त्या वर्षी त्यानं ते लावलं होतं. बाल्कनीत अक्रोड लावत नाहीत, असं रेगीनानं तेव्हाच सांगितलं होतं. झाड वाढत वाढत चौथ्या मजल्यावरच्या दंतवैद्यिणीच्या खिडकीत घुसलं, आणि ती वर्षातून दोनदा तक्रार करायला खाली यायची. एवढ्या वर्षांत झाडाला एकही अक्रोड लागला नव्हता. हेर्शला त्याची घाई नव्हती. त्याला पानं चुरगाळून वास घ्यायला पुरेसं होतं. आत्ता थंडीमुळे पानंही नव्हती. नुसत्या काड्या, आणि पलीकडे नदीवरून येणारा बोचरा वारा.

तो कोट घालून झाडाशेजारी खुर्ची टाकून बसला.

लहानपणी मुंकाच गावातल्या घरामागे असंच झाड होतं. असंच म्हणजे पिंपाशिवाय. शरद ऋतूत त्याखाली अक्रोड वेचून हेर्शची बोटं काळी व्हायची, ती हिवाळ्यातल्या हनुक्का सणापर्यंत काळीच राहायची. आई ते अक्रोड पोत्यात भरून माळ्यावर ठेवायची आणि वल्हांडण सण येईपर्यंत कुणाला हात लावू द्यायची नाही. कारण हेर्शचा वाढदिवस नेमका वल्हांडणाच्या तिसऱ्या दिवशी. त्या आठवड्यात घरात पिठाचा कण ठेवायचा नाही, मग केक कशाचा करायचा? आई अक्रोड कुटायची, अंडी फेसायची, आणि नुसत्या अक्रोडाचा केक करायची. तो भट्टीत टम्म फुगायचा आणि बाहेर काढला की मधोमध बसायचा. दर वर्षी बसायचा. दर वर्षी आई म्हणायची, "ह्या वेळी बसला, पुढच्या वेळी नाही बसणार," आणि खड्डा मनुकांच्या मुरंब्यानं भरून टाकायची. हेर्श मोठा होईपर्यंत त्याची समजूत होती, की केकला खड्डा असतोच.

आईला एकच गोष्ट सहन व्हायची नाही, खोटं बोलणं. सहा वर्षांचा असताना हेर्शनं साखरेचे खडे खाल्ले आणि हंसानं खाल्ले म्हणून सांगितलं. हंस म्हणजे चित्रात मान वाकवून पोहतो तो नव्हे. हा अंगणात राहायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या पोटरीचा लचका तोडायचा. आईनं हेर्शला काही मारलं नाही. बखोटीला धरून अंगणात नेलं आणि हंसासमोर उभं केलं.

"माफी माग."

"हंसाची?"

"तू त्याच्यावर आळ घेतलास. माग."

हेर्शनं माफी मागितली. हंसानं ती स्वीकारली नाही. पोटरीवर त्याची खूण पुढे कितीतरी दिवस होती.

अशा आईच्या पोटचा मुलगा आता टीव्हीवर जाऊन सगळ्या देशाला सांगणार होता, की मी शंभर वर्षांचा आहे.

आणि दुसरी एक गोष्ट होती, ती जरा खासगी. मृत्यूचा देवदूत येतो तेव्हा तो माणसाला ओळखतो कसा? कागद बघूनच ओळखत असणार. आपल्यात माणूस फार आजारी पडला की त्याचं नाव बदलतात, ते देवदूताला पत्ता लागू नये म्हणूनच ना? म्हणजे तो नावावर चालतो. नावावर चालतो तर तारखेवरही चालत असणार. इतकी वर्षं तो चुकीचा कागद गुपचूप पडून होता. आता टीव्हीवर लावला, की वर सगळ्यांना दिसणार. हेर्श असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नव्हता. पण फुकटची तीन वर्षं घालवायला तो काही श्रीमंत नव्हता.

*

दुसऱ्या दिवशी तो मिर्ताच्या खोलीत गेला.

"मिर्ता, तो आकडा चुकलाय. मी सत्त्याण्णवचा आहे."

मिर्तानं पेन ठेवलं. मान एका बाजूला कलती केली. हेर्शला तेव्हाच धोका कळायला हवा होता.

"असं का?" ती मायेनं म्हणाली. "सत्त्याण्णव?"

"आणि ऑगस्टमध्ये नाही. वल्हांडणाच्या तिसऱ्या दिवशी झाली. होऊन गेली."

"होऊन गेली," मिर्ता म्हणाली. आता ती एकेक शब्द सुटा सुटा बोलत होती, लहान मुलाला औषध पाजताना बोलतात तसं. "सेन्योर हेर्श, सकाळी नाश्ता केलात का?"

"केला."

"काय खाल्लंत, आठवतंय?"

"अगं, वय चुकलंय, नाश्ता बरोबर आहे!"

पण मिर्ताचे डोळे भरून आले होते, आणि एकदा ते भरले की तिला ऐकू कमी येत असे. तिनं त्याचा हात हातात घेतला. "ह्यात लाजण्यासारखं काही नाही. आपल्या डॉक्टर गोन्सालोला मी मंगळवारी बोलावते. छोटीशी परीक्षा असते. स्मरणशक्तीची."

"आणि नापास झालो तर?"

"नापास वगैरे काही नसतं," मिर्ता म्हणाली. "फक्त मग तुम्ही एकटे राहू शकणार नाही. आपल्या वृद्धाश्रमात वरच्या मजल्यावर छान खोली आहे. उन्हाची. दाराला आकड्यांचं कुलूप आहे, त्यामुळे कुणी हरवत नाही."

"बाल्कनी आहे?"

"बाल्कनी नाही. सुरक्षित आहे ना सगळं."

हेर्श जिना उतरून बाहेर आला. असं होतं तर. शंभरचा आहे म्हटलं, तर शहाणा. सत्त्याण्णवचा आहे म्हटलं, तर वेडा. खोटं बोललं तर घर राहतं, खरं बोललं तर घरही जातं आणि झाडही. अंगणातल्या त्या हंसालासुद्धा हे पटलं नसतं.

*

मंगळवारी जेवण झाल्यावर तो डॉक्टरांच्या खोलीबाहेर बाकावर बसला. शेजारी पेपी येऊन बसली. तिला सगळं कळलं होतं. पेपीला सगळं कळायचंच.

"खरंच सत्त्याण्णव?" तिनं विचारलं.

"खरंच."

"मग तेव्हा तू..."

"पंधरा."

पेपीनं आजूबाजूला पाहिलं, तोंड त्याच्या कानाशी आणलं आणि ओठ फारसे न हलवता म्हणाली, "शंभर सांग. आत विचारलं की शंभर. कळलं का?"

हेर्शच्या अंगावर काटा आला. पेपीच्या बोलण्यानं नाही. हे असंच, ह्याच आवाजात, एकदा झालं होतं म्हणून.

तेव्हा छावणीच्या फलाटावर गाडीतून उतरल्यावर सामान उचलायला आलेला एक कैदी त्याच्या बाजूनं गेला होता. पट्ट्यांचे कपडे, खाली घातलेली मान. त्यानं घरच्या भाषेत, यिद्दिशमध्ये, ओठ न हलवता विचारलं, वय काय? हेर्श म्हणाला, पंधरा. अठरा, तो माणूस म्हणाला. अठरा सांग. आणि पुढे गेला. हेर्शनं आईकडे पाहिलं. साखरेच्या खड्यांसाठी हंसाची माफी मागायला लावणाऱ्या आईकडे. पुढे टेबलामागे हातमोजे घातलेला एक डॉक्टर उभा होता, आणि तो एकेकाला वय विचारून कामाला येतील ते एका बाजूला, बाकीचे दुसऱ्या बाजूला काढत होता.

आईनं त्याची कॉलर नीट केली. केसांवरून हात फिरवला, तिची बोटं थंड होती. "अठरा," ती म्हणाली. "तुला अठरा झाली आहेत. ताठ उभा राहा."

मग तो एका बाजूला गेला आणि आई दुसऱ्या. पुढचं सगळं जगाला माहीत आहे. हेर्शनं ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

युद्धानंतर निर्वासितांच्या छावणीत कारकुनानं जन्मतारीख विचारली. हेर्श म्हणाला, वल्हांडणाचा तिसरा दिवस. कारकून म्हणाला, सण नको, तारीख सांग. हेर्शला तारीख माहीत नव्हती. घरात कुणाचीच तारीख नसायची, सगळे सणांच्या आगेमागे जन्मलेले. कारकुनानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून त्या दिवशीचीच, ऑगस्टमधली, लिहिली. वर्ष मात्र हेर्शनं आपणहून सांगितलं, अठराच्या हिशोबानं. ज्या वयानं जीव वाचवला, ते वय परत करायचा धीर त्याला झाला नाही. आईनं त्याला दोन शब्दांत दुसऱ्यांदा जन्म दिला होता. आणि ह्या वेळी तो जन्मतःच तीन वर्षांनी मोठा झाला होता.

"फ्रुख्टर!" आतून हाक आली.

"शंभर," पेपी पुन्हा पुटपुटली.

हेर्श उठला. आईकडे बघावं तसं त्यानं नकळत मागे वळून पाहिलं. मागे भिंतीवर हाडं मजबूत ठेवण्याविषयीचं चित्र होतं, त्यातली एक बाई दुधाचा पेला धरून हसत होती. तिला विचारून उपयोग नव्हता.

*

डॉक्टर गोन्सालो तरुण होता. डोक्यावर केस भरपूर, आणि नम्रता त्याहून भरपूर. मिर्ता कोपऱ्यात खुर्चीवर रुमाल घेऊन तयार बसली होती.

"सफरचंद, टेबल, नाणं," डॉक्टर म्हणाला. "हे तीन शब्द लक्षात ठेवा. नंतर विचारीन."

"ठेवले."

"आज वार कोणता?"

"कोबीचा."

डॉक्टरनं मिर्ताकडे पाहिलं. "मंगळवारी कोबीच असतो," मिर्ता हळूच म्हणाली.

"आता शंभरातून सात वजा करत चला."

"त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी." हेर्श थांबला. "काय हो, शंभरातून मी तीन वजा केले तर तुम्हाला चालत नाही, आणि सात केले की चालतं?"

डॉक्टर हसला नाही, पण पेन जरा हळू झालं. "बाहत्तर म्हणा."

"बाहत्तर. पासष्ट. अजून किती उतरवू? पंधरावर थांबता येत नाही, मी करून बघितलंय घरी. सोळा येतं आणि मग एकदम नऊ."

"पुरे, पुरे." डॉक्टरनं घसा साफ केला. "तुमचं वय किती?"

दाराखालच्या फटीत पेपीचे बूट दिसत होते.

शंभर म्हणणं अगदी सोपं होतं. एक शब्द, आणि घर आपलं, झाड आपलं, दंतवैद्यीणसुद्धा आपली. समोरचा डॉक्टर हातमोजे घातलेला नव्हता. त्याच्या स्वेटरवर बिस्किटाचा चुरा पडला होता. हेर्शला त्याची भीती वाटत नव्हती. अडचण वेगळीच होती. मागच्या वेळी आईनं परवानगी दिली होती. ह्या वेळी कुणाची घ्यायची?

"कुणाच्या हिशोबानं?" त्यानं विचारलं.

"म्हणजे?"

"आईच्या हिशोबानं सत्त्याण्णव. कागदाच्या हिशोबानं शंभर. माझं वय विचारणारा पहिला डॉक्टर होता, त्याला मी वाढवून सांगितलं आणि त्याचं समाधान झालं. तुमचं कशानं होतंय ते तुम्ही बघा."

आणि मग त्यानं सांगितलं. सगळं नाही. हंस सांगितला, साखर सांगितली, कॉलर सांगितली, कागद बघून येणारा देवदूतसुद्धा सांगितला. सांगून झाल्यावर म्हणाला, "सफरचंद, टेबल, नाणं," कारण डॉक्टर विचारायचं विसरला होता.

मिर्ताच्या हातात रुमाल होता, पण ती रडत नव्हती. हेर्शनं तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोरड्या डोळ्यांची पाहिलं, आणि त्याला कळलं की तिला आत्ता खरंच वाईट वाटलंय.

"इतकी वर्षं का नाही सांगितलंत?" ती म्हणाली.

"कुणी विचारलं नाही गं. सगळ्यांनी कागद बघितला."

डॉक्टर कागदाकडे बघत राहिला. त्यावर दोनच रकाने होते, बरोबर आणि चूक. शेवटी त्यानं दोन्हींच्या मधल्या रेघेवर काहीतरी लिहिलं आणि मिर्ताकडे सरकवलं. तिनं वाचलं, 'स्मरणशक्ती उत्तम. वयाबद्दल वाद आहे.'

एवढ्यात दार उघडलं आणि पेपी आत आली. ती दारालाच टेकली होती, त्यामुळे आली म्हणण्यापेक्षा पडलीच.

"ह्याला वर पाठवणार असाल तर मलाही पाठवा!" ती म्हणाली. "माझंही वय खोटं आहे!"

"अहो सेन्योरा पेपी," मिर्ता उठली, "तुम्हीसुद्धा त्या छावणीत वय वाढवून..."

"वाढवून? बाई, मला वेड लागलंय का? कमी करून!" पेपीनं पर्स छातीशी धरली. "आणि युद्धाचा काही संबंध नाही. माझ्या सासूचा आहे. मी इकडे आले तेव्हा पंचविशीची, तिचा मुलगा बावीसचा. सासू म्हणायची, दुकानात उरलेला माल आमच्या घरात आणणार नाही. कागद तर सगळे तिकडेच जळाले होते. मी म्हटलं एकोणीस."

"म्हणजे तुम्ही आता पंच्याण्णवच्या नाही," डॉक्टर म्हणाला. त्याच्या बोटांवर वजाबाकीऐवजी बेरीज चालली होती. "तुम्ही..."

"मोठ्यानं म्हणालात तर माझ्याशी गाठ आहे."

एकशे एक. खोलीतल्या चारही माणसांनी ते मनात म्हटलं. टेबलाचे पहिले शंभर कधीच होऊन गेले होते, आणि त्या दिवशी त्या बाईनं सुपात मीठ कमी म्हणून भांडण काढलं होतं.

*

कार्यकारिणीची तातडीची सभा बसली. समोर प्रश्न असा होता, की समाजाकडे एक पुरुष आहे जो शंभरचा आहे पण नाही, आणि एक बाई आहे जी नाही पण आहे. फलक छापून झाला होता. टीव्हीवाले ठरले होते. वकील असलेले अध्यक्ष म्हणाले, की कायद्यानं वाढदिवस कागदाचा असतो. खजिनदार म्हणाले, कागदाला केक खाता येत नाही. कुणी सुचवलं की समारंभ पेपीचा करावा. त्यावर पेपीनं निरोप पाठवला, की माझं नाव त्या फलकावर आलं तर मी त्याच दिवशी मरून दाखवीन आणि टीव्हीसमोर मरीन.

भांडण दोन तास चाललं. शेवटी हेर्शलाच बोलावलं.

तो काय बोलायचं ते ठरवून आला नव्हता. बाल्कनीत बसून त्यानं ह्याचाच विचार केला होता, पण झाडाकडे बघून केलेल्या विचारांचं बहुतेक त्या झाडासारखंच होतं, फळ धरत नाही. तो उभा राहिला.

"मला वाटायचं ही तीन वर्षं खोटी आहेत," तो म्हणाला. "तशी ती खोटी नाहीत. ती माझी नाहीत, एवढंच. आईची आहेत. तिच्याकडे तेव्हा द्यायला दुसरं काही नव्हतं, सामान तर काढून घेतलं होतं. तिनं ती दिली. सत्त्याण्णव माझी, तीन तिची. शंभर होतात. करा तुमचा समारंभ. केक मात्र मी सांगीन तो."

"आणि ते एकशे वीसचं?" अध्यक्षांनी विचारलं. मिर्तानं त्यांना सगळं सांगितलेलं दिसत होतं. "देवदूत कागद बघून आला तर?"

"येऊ दे. शेवटच्या तीन वर्षांसाठी त्याला आधी आईला भेटावं लागेल," हेर्श म्हणाला. "ती त्याला हंसाची माफी मागायला लावील."

*

ऑगस्टमध्ये बिनपिठाचा केक कशाला, हे बेकरीवाल्याला शेवटपर्यंत कळलं नाही. वल्हांडण होऊन कितीतरी दिवस झाले, आता पीठ चालतं, असं तो मिर्ताला तीनदा फोन करून सांगत होता. मिर्ता म्हणाली, चालतं, पण नको. केक आला तो मधोमध बसलेला. बेकरीवाला स्वतः माफी मागायला आला होता. ह्या वेळी बसला, तो म्हणाला, पुढच्या वेळी नाही बसणार. हेर्श त्याच्याकडे इतका वेळ बघत राहिला, की तो बिचारा घाबरून निघून गेला.

खड्ड्यात मनुकांचा मुरंबा हवा होता. तो मिळाला नाही. पेपीनं आटवलेल्या गोड दुधाचा, दुल्से दे लेचेचा डबा उघडला आणि सगळा ओतला. "आई काय म्हणेल?" हेर्श म्हणाला. "म्हणेल, इतका गोड कसा झाला," पेपी म्हणाली, आणि चमचा चाटला.

शंभर मेणबत्त्या लावायला रखवालदार आणि डॉक्टर दोघं लागले. शेवटची लागेपर्यंत पहिली अर्धी झाली होती. टीव्हीवाल्यांनी दीर्घायुष्याचं रहस्य विचारलं. हेर्श म्हणाला, "ताठ उभं राहायचं," आणि खाली बसला. त्यांनी ते घेतलं, व्यायामाबद्दल आहे असं समजून.

फुंकायला सगळं टेबल मदतीला आलं. एका दमात कुणाच्यानंच होणार नव्हतं. त्या टेबलावर धड फुप्फुसं दोनतीनच होती. फुंकताना हेर्श बोटानं मोजत होता. सत्त्याण्णव झाल्यावर त्यानं हात आडवा धरला.

"अजून तीन आहेत," मिर्ता म्हणाली.

"असू देत."

"पण सेन्योर हेर्श, आग..."

मग तिला कळलं, आणि तिनं सुरी हातात घेतली.

केक कापायला घेतला तशी नेहमीप्रमाणे सगळी मंडळी एकदम पुढे सरकली. कुणाची काठी कुणाच्या पायावर पडली, कुणाचा चष्मा दुल्सेत गेला. तेवढ्यात पेपीनं पर्स उगारली.

"अरे, माणसं आहात की कोण? रांगेत या!"

मिर्तानं श्वास रोखून धरला. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, मग निमूट एकामागे एक उभे राहिले. पुढे उभी राहिली ती पेपी, कारण तिथे वयानं सगळ्यात मोठी तीच होती आणि ते आता सगळ्यांना माहीत होतं. कुणाच्या मनाला त्रास झाल्यासारखं दिसलं नाही. उलट बऱ्याच दिवसांनी सगळ्यांना सारखा केक मिळाला.

हेर्शनं आपला तुकडा शेवटी घेतला, खड्ड्याच्या काठचा, जिथे त्या तीन मेणबत्त्या जळत जळत बुडापर्यंत आल्या होत्या आणि मेण दुल्सेत उतरलं होतं. मिर्ता म्हणाली, तो नका खाऊ, दुसरा देते. त्यानं मान हलवली. ताटात काही टाकायचं नाही, असं त्याला लहानपणी शिकवलं होतं. त्यानं मेणासकट सगळा संपवला.

अक्रोड जरा खवट होते. घरचे असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं, आणि पिंपातल्या झाडाला वसंतात थोडं शेणखत घालून बघावं, असंही.